नलूवहिनींची झोप आणि पुढची दोन चाकं

अप्पा नाईकधुऱ्यांनी नोकरीची सगळी वर्षं फक्त वर आणि खाली प्रवास केला. फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत ते लिफ्टमन होते. जाळीचं दार, पितळी दांडा, एक लाकडी स्टूल आणि स्टुलावर अप्पा. इमारतीला मजले पाच. एकूण अंतर जोडत गेलं तर अप्पा एव्हाना चंद्रावर पोचले असते; फक्त दर खेपेला पाचव्या मजल्यावरून परत फिरावं लागलं, तेवढंच आडवं आलं.

अशा माणसानं निवृत्त झाल्यावर काय घ्यावं? आमच्या लालबागच्या शिवराम चाळीत कुणी आरामखुर्ची घेतली, कुणी गावच्या घराची कौलं बदलली. मी रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं, आणि तेव्हापासून तो वाढला. अप्पांनी जीप घेतली. लिलावातली, जुनी, हिरवी, कापडी छताची. आणि साधीसुधी नव्हे, फोर व्हील ड्राइव्ह. म्हणजे गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद मिळते आणि गाडी चिखलातून, वाळूतून, ओढ्यातून हसत वर येते.

"अप्पा, लालबागला ओढा कुठाय?" मी विचारलं.

"नाय."

"मग?"

"नसूदे. आपल्याकडे दांडा आहे."

आपल्याकडे घराघरात कपाटाच्या वरच्या खणात काचेचा एक सेट असतो. तो मोठ्या पाहुण्यांसाठी असतो, आणि एवढा मोठा पाहुणा अजून कुणाकडे आलेला नसतो. अप्पांचा छोटा दांडा त्या जातीचा. रोज सकाळी ते तो फडक्यानं पुसत, जरासा कुरवाळत आणि सोडून देत.

गाडी चालवायचे ती मात्र लिफ्टसारखीच. वेगाचा मोह नाही, कुणाच्या पुढे जायची घाई नाही. लिफ्ट लिफ्टच्या पुढे जात नाही. थांबणं मात्र असं, की कपातला चहा हलू नये. सिग्नलला गाडी उभी राहिली की सवयीनं त्यांचा डावा हात दाराची जाळी उघडायला उठायचा, आणि मग हवेत काहीच नाही म्हटल्यावर डोकं खाजवून परत यायचा.

आता नलूवहिनींकडे येतो, कारण सगळं अडलं होतं ते त्यांच्या झोपेपाशी.

नलूवहिनी लग्न होऊन मालवणहून चाळीत आल्या त्या तळमजल्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या बरोब्बर डोक्यावर. गिरणी सकाळी सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. वरच्या खोलीची फरशी सतत बारीक थरथरायची. फळीवरचे डबे दिवसभरात बोटभर पुढे सरकायचे आणि वहिनी संध्याकाळी ते पुन्हा भिंतीला लावायच्या. पहाटे पाण्यासाठी उठायचं, म्हणून रात्रीची झोप वहिनींनी कधी मनावर घेतली नाही. दुपारची मात्र भक्तिभावानं घेतली. माशाची आमटी आणि भात झाला की वहिनी फरशीवर चटई टाकून कलंडायच्या, आणि मग गिरणीचा पट्टा तुटला तरच उठायच्या.

पुढे चाळ पडली, टॉवर झाला. आम्ही सगळे उभ्यानं वर गेलो. नाईकधुरे सतराव्या मजल्यावर, मी त्यांच्या समोर. हवा झकास, उजेड भरपूर, आणि शांतता तर इतकी की पलीकडच्या घरातला फ्रिज दम खायला थांबला तरी समजतं. या शांततेत नलूवहिनींची झोप गेली. आधी दुपारची गेली, मग तिच्यामागून रात्रीची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप आली नाही, भोवळ आली. एकदा त्या ओट्याशीच कोसळल्या आणि कपाळाला खोक पडली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद, पण झोप तर हवीच, या वयात असं जागून चालणार नाही, हृदयावर येतं. वहिनी आमटीत मीठ दोनदा घालू लागल्या. मग अजिबातच घालेनाशा झाल्या. गॅलरीत उभ्या राहून खालच्या रस्त्याकडे बघत असत. हाक मारली तर "हं?" म्हणत आणि तो "हं?" फार लांबून यायचा.

अशात एका रविवारी दुपारी अप्पा त्यांना माझगावला एका बारशाला घेऊन निघाले. भायखळा यायच्या आत वहिनींची मान कलली. माझगाव आलं. अप्पांनी बाजूला बघितलं, आणि बारसं सोडून तसेच पुढे गेले. इंधनाचा काटा खाली टेकेपर्यंत ते फिरत होते. त्या बाळाचं नाव काय ठेवलं ते दोघांना आजतागायत माहीत नाही.

तेव्हापासून दर रविवारी, जेवणं झाली की, फेरी. मलाही नेत. माझं काम मागे बसून वजन देणं, कारण मागे वजन नसलं की जीप खड्ड्यात उडते. एखाद्या कामासाठी आपण इतके नैसर्गिकरीत्या लायक आहोत असं मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

काय सांगू तुम्हांला त्या दुपारींबद्दल! डॉकयार्डाच्या लांबलचक भिंतीकडेनं जीप जायची. भिंतीपलीकडून क्रेनच्या माना वर आलेल्या, त्याही पेंगलेल्या. बॅलार्ड इस्टेटमध्ये तर रविवारी दुपारी शहरच नसतं. बंद कचेऱ्या, खाली ओढलेली शटरं, झाडांच्या सावल्या रस्त्यावर सांडलेल्या, आणि मधोमध निवांत झोपलेला कुत्रा, ज्याला वळसा घालून अप्पा जायचे. मग समुद्र. मग चौपाटी, गिरगावातले लाकडी कठड्यांचे सज्जे, त्यांवर वाळत घातलेली लुगडी. जीपच्या पोटातून एकसुरी आवाज यायचा, घूंऽऽऽ, वेग वाढला की जरा चढायचा, कमी झाला की उतरायचा. त्या आवाजावर तरंगत मी पण अर्धा झोपेत असायचो. मला वाटायचं, रस्ता नाहीच, आपण खाडीतून होडीनं चाललोय, दोन्हीकडे माड आहेत आणि अप्पा पुढे वल्हं मारतायत. मान खाली घालून वहिनी झोपलेल्या. एवढ्या दोन तासांच्या शिदोरीवर त्या आठवडा काढायच्या. सोमवारी आमटीत मीठ बरोबर असायचं, शनिवारपर्यंत पुन्हा चुकायला लागायचं.

आणि मग अप्पांचा खांदा धरला.

उजवा हात खांद्याच्या वर जाईना. जुन्या जीपचं स्टिअरिंग म्हणजे विहिरीवरचा रहाट. प्रत्येक वळणाला अप्पांच्या तोंडून "आई गंऽ" यायचं, पण हळू, वहिनी जाग्या होऊ नयेत म्हणून. डॉक्टरांनी बजावलं, असं जड स्टिअरिंग ओढाल तर खांदा कायमचा जाईल. अप्पांना खांद्याचं काही नव्हतं. खांदा गेला तर रविवार जाणार, आणि रविवार गेला तर नलूची झोप जाणार, एवढा सरळ हिशेब होता.

आम्ही गाडी घेऊन दर्शनाकडे गेलो. दर्शना पेडणेकर, माझगावच्या एका गल्लीत खाली गॅरेज, वर घर. वडलांनंतर गॅरेज तीच चालवते. जुन्या जीपगाड्यांवर तिचा एवढा जीव की गाडीच्या आधी गाडीवाल्याला ओरडते.

"अप्पा, चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनला ग्रीस कधी मारलेलं?"

"मारायचं असतं?"

"अरे देवा." ती गाडीखाली सरकली. तिचा आवाज आता जमिनीतून येऊ लागला. "ग्रीस मारते. टायरमधे हवा कमी आहे, ती भरते. आणि तुमच्या पुढच्या चाकांच्या मधले हब फिक्स आहेत."

"फिक्स म्हणजे चांगलंच ना?" अप्पा अभिमानानं म्हणाले.

"फिक्स म्हणजे चाक आणि आतला दांडा कायमचे बांधलेले. तुम्ही गाडी मागच्या दोन चाकांवर चालवता ना? पुढची चाकं नुसती रस्त्यावर गडगडतात. पण बांधलेली आहेत म्हणून ती आतले दांडे फिरवतात, दांडे गिअर फिरवतात, गिअर हा पोटाखालचा लांब शाफ्ट फिरवतो. कुणाला काही काम नाही, तरी सगळे फिरतायत."

"आमच्या सोसायटीची कमिटी," मी म्हणालो.

"बरोबर, काका. आणि त्या कमिटीचं ओझं अप्पांच्या खांद्यावर." ती बाहेर आली आणि फळीवरून एक वस्तू काढून तिनं अप्पांच्या हातात ठेवली. खोबऱ्याच्या वाटीएवढी, चकचकीत, मधोमध फिरवायची चकती. "लॉकिंग हब. चकती फ्रीवर ठेवली की चाक एकटं फिरतं, आतले सगळे झोपलेले. लॉकवर ठेवली की पुन्हा बांधलं गेलं, आत्ता आहे तसं. तुम्हांला फोर व्हील लागेल तेव्हा खाली उतरायचं, दोन्ही चाकं लॉक करायची आणि मग तुमचा तो छोटा दांडा ओढायचा."

"आणि उतरायला विसरलो तर?"

"तर दांडा ओढून बसा. पुढची चाकं तुमच्याकडे बघत बसतील."

अप्पांनी चकती फिरवून बघितली. टिक. परत फिरवली. टिक. त्यांचा चेहरा उजळला. ती टिक त्यांच्या ओळखीची होती. लिफ्ट मजल्याला नेमकी लागली की पितळी दांड्यातून अश्शीच यायची.

दर्शनानं जीपचं पुढचं अंग जॅकवर उचललं, खाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या. चाकाच्या मधल्या टोपणाचे सहा बोल्ट काढले. ते टोपण काही निघेना, इतक्या वर्षांचं घर सोडायला त्याची तयारी नव्हती. तिनं लाकडी हातोडीनं त्याला गोलाकार समजावलं, टक टक टक, तेव्हा ते सुस्कारा सोडून बाहेर आलं. आत काळंभोर ग्रीस आणि त्यात दांड्याचं दातेरी टोक. टोकावरची स्प्रिंगची रिंग तिनं चिमट्यानं काढली, सगळं पुसून लख्ख केलं, नवं ग्रीस भरलं, आणि नवा हब दात्यांवर अलगद सरकवला. रिंग परत, झाकण परत, बोल्ट आलटून पालटून आवळले. मग दुसरं चाक.

"आता बघा," ती म्हणाली. चकती फ्रीवर ठेवून तिनं चाकाला हातानं गती दिली. चाक फिरलं, फिरतच राहिलं. पोटाखालचा शाफ्ट ढिम्म. नोकरीतून सुटलेल्या माणसासारखं ते चाक मोकळं फिरत होतं आणि अप्पा त्याच्याकडे बघत होते.

परत येताना स्टिअरिंग खरंच हलकं लागलं. रहाट गेला, शिवणयंत्राचं चाक आलं. आणि पोटातली ती घरघरही गेली. "विमान झालं रे, विमान!" अप्पा मला म्हणाले. आम्ही दोघं शहाणे पुरुष त्या शांततेवर खूश होतो.

रविवार आला. वहिनी बसल्या. भायखळा गेलं, मान कलली नाही. माझगाव गेलं. बॅलार्ड इस्टेटचा कुत्रा गेला. वहिनी टक्क जाग्या. आणि जागी नलूवहिनी शेजारी बसवून गाडी चालवणं म्हणजे काय ते अप्पांना त्या दिवशी कळलं, कारण तोवर त्यांची फेरी बिनविरोध होत असे.

"ओ, सिग्नल लागलो."

"दिसला गो."

"मगे थांबा ना! तो बसवालो बघा कसो येता. हॉर्न वाजवा. इतक्या जोरात नको."

चौपाटीला पोचेपर्यंत अप्पांचा खांदा ठीक होता, बाकीचे अप्पा दुखत होते.

पुढच्या रविवारी उशी बदलली. नंतर रस्ता उलटा घेतला, आधी गिरगाव, मग माझगाव. मग जेवण बदललं. माझ्या बायकोनं, कमलनं, सोलकढीचा तांब्या दिला, बाराव्या मजल्यावरच्या बाबुरावांनी जायफळ दिलं. जायफळानं मी झोपलो, वहिनी नाही. आठवड्यामागून आठवडे गेले आणि वहिनींचा चेहरा धुतलेल्या पिशवीसारखा झाला. एका सकाळी त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि बटण न दाबता तशाच उभ्या राहिल्या. किती वेळ, कुणास ठाऊक. अप्पांनी दार उघडलं तेव्हा त्या म्हणाल्या, "खालचो मजलो इलो काय?" लिफ्ट हललीच नव्हती.

त्या दुपारी वहिनीच म्हणाल्या, "जीप काढून टाका. आता तेच्यातय झोप येणा नाय. तुमच्या खांद्याक तरी आराम."

अप्पा खाली जाऊन जीपमध्ये बसले. मी गेलो तर छोट्या दांड्यावर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत होते. पार्किंगची भिंत, तिच्यावर पिवळ्या रंगात लिहिलेला आकडा, आणि अप्पा तिच्याकडे असे बघत होते जसा माणूस समुद्राकडे बघतो.

"इतकी वर्षं लोकांना पाहिजे तिकडे पोचवलं," ते म्हणाले. "एक हिला पोचवता येत नाय."

मला लगेच विनोद सुचतो, तो माझा रोग आहे. त्या वेळी सुचला नाही.

मार्ग काढला तो राधाबाईंनी. राधाबाई म्हणजे आमच्या जुन्या चाळीचं सरन्यायालय. वय किती ते विचारायचं नाही. त्या काठी टेकत पार्किंगमध्ये आल्या आणि त्यांनी निकाल दिला.

"आनंदा, गाडीक नवीन वस्तू बसवलंस?"

"होय, बाय," अप्पा म्हणाले; त्यांना आनंदा म्हणणाऱ्या आता त्या एकट्याच.

"कोणाक दाखवलंस?"

आम्ही दोघांनी माना खाली घातल्या, कारण गुन्हा खरा होता. शिवराम चाळीत नवी वस्तू आली की ती सगळ्या मजल्याला दाखवायची आणि नुसती दाखवायची नाही, हाताळायला द्यायची. माझ्या वडलांनी प्रेशर कुकर आणला तेव्हा पंचवीस बिऱ्हाडांनी झाकण उघडून लावून बघितलं, आणि आम्ही भात खाल्ला तो तिसऱ्या दिवशी. कुणाच्या हातात वस्तू न देता ती वापरायला घेणं म्हणजे शेजाऱ्यांवर संशय घेणं. टॉवरमध्ये आल्यावर दारं बंद झाली आणि ही रीत मागे राहून गेली होती.

"म्हणान झोप गेली तिची," राधाबाई म्हणाल्या. "नारळ फोड. हळदकुंकू लाव. पोरीबाळींक दाखव."

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सोहळा झाला. दोन्ही हबांना हळदकुंकू, बॉनेटवर झेंडूचा हार, टायरपुढे नारळ, पेढे. आणि मग जुनी चाळ रांगेनं खाली वाकली. प्रत्येकानं चकती फिरवून बघितली. टिक. "वा! अप्पा, काय काम करतं हो हे?" अप्पा दरवेळी पहिल्यापासून समजावत. टिक. "म्हणजे हे फिरवलं की झोप येते?" टिक. ज्या माणसांना दोन वर्षं मी फक्त लिफ्टमध्ये मान हलवताना बघितलं होतं, ती पेढा तोंडात घेऊन एका चाकाभोवती उकिडवी बसून भांडत होती की आता माझी पाळी. बाबुरावांनी सगळ्यात शेवटी, दोन्ही चाकांच्या चकत्या, चांगल्या मायेनं, जिथपर्यंत जातील तिथपर्यंत फिरवल्या आणि ते पेढ्यांकडे वळले.

रविवारी दुपारी निघालो. पार्किंगमधून बाहेर वळतानाच अप्पांच्या तोंडून "आई गंऽ" आलं. स्टिअरिंग पुन्हा रहाट. त्यांनी माझ्याकडे आरशातून घाबरून बघितलं. पण पुलाखालून सरळ रस्त्याला लागलो, वेग धरला, आणि जीपच्या पोटातून तो जुना आवाज वर आला. घूंऽऽऽ. मी डोळे मिटले. पुन्हा माड, पुन्हा खाडी. भायखळ्याच्या अलीकडे मी डोळे उघडले तर नलूवहिनींची मान खांद्यावर टेकली होती आणि तोंड जरासं उघडं होतं.

"नारळ लागला," मी कुजबुजलो.

अप्पांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या बोटाचा हात दुखत होता, ते दिसत होतं. प्रत्येक वळणाला त्यांचे डोळे मिटत, पण तोंडातून आवाज नाही. मी म्हटलं, थांबू या. त्यांनी मान हलवली. थांबलं तर ती उठेल. घामानं सदरा भिजला तरी ते माझगावपर्यंत तसेच गेले, आणि मग मात्र हात चालेना. तेव्हा त्यांनी जीप दर्शनाच्या गल्लीत नेली आणि तिच्या दारात आणून उभी केली, चहा हलणार नाही अशी.

दर्शना वरून धावत आली. "अप्पा! काय झा—"

"शूऽऽ," आम्ही दोघं.

ती चवड्यांवर चालत चाकाशी आली, खाली बसली, आणि हबाकडे बघून तिनं कपाळाला हात लावला. "लॉक आहेत," ती कुजबुजली. "दोन्ही. कुणी केलं?"

"सगळ्यांनी," मी कुजबुजलो.

"हळदकुंकू कुणी लावलं?"

"ते पण सगळ्यांनी."

"लॉक करून चालवली म्हणजे जुन्या फिक्स हबसारखंच झालं ना. पुढचं सगळं परत फिरायला लागतं, स्टिअरिंग जड, आणि तो शाफ्ट असा घरघरतो. थांबा, फ्री करून देते."

तिनं चकतीला हात घातला, तेवढ्यात आत नलूवहिनींनी कूस बदलली. गाडी उभी होती, इंजिन बंद, गल्लीत शांतता. डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "ओ, गिरण कित्याक बंद झाली? लाइट गेली काय? दळाण रवला माझा."

दर्शनाचा हात चकतीवरच राहिला.

अप्पांनी आधी वहिनींकडे बघितलं. मग जीपच्या पोटाकडे. आयुष्यभर ते त्या गिरणीच्या डोक्यावर राहिले होते, पण दुपारी ते फोर्टात स्टुलावर असायचे. ती झोप कशाची होती हे त्यांना कधी ऐकूच आलं नव्हतं.

"दर्शना," ते म्हणाले. "हात काढ. राहूदे तसं."

"आणि खांदा?"

"खांद्याचं बघू."

"बघू काय? उद्या हात वर नाय गेला तर हिला फिरवणार कोण?" दर्शना कुजबुजतसुद्धा ओरडू शकते. मग ती टाचांवर बसली. "अप्पा, स्टिअरिंग ओढावं लागतं कुठे? वळणांवर. सरळ रस्त्यावर कुठे ओढावं लागतं? घराकडच्या गल्ल्यांत फ्री ठेवा. डॉकयार्डाच्या भिंतीशी सरळ रस्ता लागला की थांबून लॉक करा. संपला की फ्री. त्यासाठीच तर ही चकती असते."

"पण दरवेळी उतरून खाली कोण वाकणार?" अप्पांनी विचारलं.

दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. मागे बसून वजन देण्याच्या माझ्या शांत कारकिर्दीचा तो शेवटचा क्षण होता.

तर आता दर रविवारी दुपारी, डॉकयार्डाच्या लांब भिंतीपाशी, एक जीप अलगद थांबते आणि तिच्यातून एक पोट असलेला गृहस्थ उतरतो. तो आधी डाव्या चाकापुढे गुडघे टेकतो, मग उजव्या. हबावर हळदकुंकू अजून आहे, राधाबाई पुसू देत नाहीत. परवा येणारीजाणारी एक बाई थांबली, तिनंही चाकाला नमस्कार केला आणि मला विचारलं, "कोणाचं ठाणं आहे हो?" मी म्हटलं, "निद्रादेवीचं." ती पुन्हा एकदा वाकली.

टिक. टिक. मी मागे चढतो. अप्पा गाडी सोडतात. भिंतीपलीकडे क्रेन पेंगत असतात, रस्ता सरळ असतो, अप्पांचे हात स्टिअरिंगवर नुसते ठेवलेले असतात. घूंऽऽऽ. पिठाचा वास येतो असं मला वाटतं, पांढरा, गरम, डब्यातला. तो यायचं काही कारण नाही, पण येतो. वहिनींची मान कलते. आम्ही तिकडे जातो, समुद्राला हात लावून परत सरळ येतो, जिकडे कमी वळणं तिकडे. अप्पा छोट्या दांड्याला हात लावत नाहीत. तो अजून मोठ्या पाहुण्यासाठी राखून आहे.

लालबागच्या गल्लीच्या तोंडाशी अप्पा थांबतात. मी उतरून चकत्या फ्री करतो. पुन्हा निघालो की घरघर नाही, आणि त्या शांततेनं वहिनी डोळे उघडतात. ताज्या, गालावर पदराची घडी उमटलेली.

"झाला दळाण?" त्या विचारतात.

"झाला," अप्पा म्हणतात, आणि त्यांचा डावा हात हवेतली जाळी उघडतो. "चल. आपलो मजलो इलो."